पाण्यात हवेत, पण हवेत नकोत!

डाळीचे पीठ एकदम पाण्यात टाकले की गुठळ्या होतात, हे पिठले करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण विद्यार्थीमित्रहो, अशी एखादी गुठळी बाहेर काढून तुम्ही कधी फोडून पाहिली आहे का? नसेल तर आज पाहा. वरून ती ओली आणि चिकट असते, पण आत पीठ कोरडे ठणठणीत! चहूबाजूंनी पाणी असूनही ते आत शिरलेले नसते. असे का व्हावे?

पीठ म्हणजे असंख्य बारीक कण आणि त्यांच्यामधल्या फटींत अडकलेली हवा. पिठाचा ढीग पाण्यात पडला की बाहेरचे कण आधी भिजतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे एक कवच तयार होते. आतली हवा बाहेर पडू शकत नाही आणि बाहेरचे पाणी आत जाऊ शकत नाही. स्वयंपाकघरात ही अडचण क्षुल्लक आहे. पळीने गुठळी मोडली की काम भागते. पण हे पीठ पिठल्याचे नसून पिकावर फवारायच्या औषधाचे असेल तर? आणि ते दोनशे लिटर पाण्याच्या पिंपात टाकायचे असेल तर? तिथे न फुटलेली एक गुठळी फवारणीच्या पंपाची तोटी बंद पाडायला पुरेशी होते, कारण त्या तोटीचे भोक जेमतेम मिलिमीटरभर असते.

या अडचणीवर रसायनशास्त्राने जो तोडगा काढला तो आज कृषी सेवा केंद्रांतून पुड्यांमध्ये मिळतो. पुडा उघडला तर आत बारीक रव्यासारखे किंवा तुटक्या शेवेसारखे दाणे दिसतात. पेलाभर पाण्यात चिमूटभर दाणे सोडा. दाणा खाली जाऊ लागतो, आणि जाता जाताच विरघळल्यासारखा दिसेनासा होतो. मागे राहतो तो धुरासारखा एक ढग. दाणा खरे म्हणजे विरघळलेला नसतो. तो विखुरलेला असतो. या दोन शब्दांतला फरक हाच आपल्या लेखाचा विषय आहे.

द्राक्षावरचे गंधक

उदाहरण म्हणून आपण गंधक घेऊ. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतल्या विद्यार्थ्यांना ते नवे नाही. द्राक्षवेलीवर भुरी नावाचा रोग पडतो. पानांवर आणि मण्यांवर राख भुरभुरल्यासारखी पांढरट बुरशी येते. १८४५ साली इंग्लंडमधील मार्गेट या गावी टकर नावाच्या एका माळ्याच्या ती नजरेस आली. पुढच्या काही वर्षांत तिने फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत हाहाकार उडवला. तिच्यावर उपाय सापडला तो गंधकाच्या भुकटीचा. पावणेदोनशे वर्षे होत आली, नवनवी औषधे निघाली, तरी भुरीवर गंधक अजून वापरात आहे.

मात्र गंधक पाण्यात विरघळत नाही. मीठ किंवा साखर पाण्यात टाकली की तिचे रेणू अथवा आयन सुटे होऊन पाण्यात मिसळतात आणि द्रावण तयार होते. गंधकाचे तसे होत नाही. त्याचे फार तर बारीक कण करून ते पाण्यात तरंगत ठेवता येतात. अशा मिश्रणाला आपण निलंबन म्हणतो. गढूळ पाणी हे निलंबनाचे तुमच्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण. आणि गढूळ पाणी रात्रभर ठेवले की गाळ खाली बसतो, हेही तुम्ही पाहिलेले आहे.

कण किती वेगाने खाली बसतो याचा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडला. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: कणाचा व्यास निम्मा केला तर खाली बसण्याचा वेग निम्मा होत नाही, चौथाई होतो. व्यास दहावा हिस्सा केला तर वेग शंभरावा हिस्सा होतो. आता गंधकासाठी हिशेब करून पाहू. गंधक पाण्याच्या सुमारे दुप्पट जड आहे. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) पंपात ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले आहे असे समजा. १०० मायक्रॉन व्यासाचा गंधकाचा कण पृष्ठभागापासून तळापर्यंत सुमारे मिनिटभरात पोहोचेल. १० मायक्रॉनचा कण जवळजवळ दीड तास घेईल. आणि ३ मायक्रॉनचा कण? त्याला सोळा तास लागतील! एवढ्या वेळात शेतकरी फवारणी उरकून, जेवून, झोपून उठलेला असेल. वर्गात ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी हे आकडे स्टोक्सच्या सूत्रात घालून पडताळून पाहावेत.

कण बारीक असण्याचा दुसरा फायदा पानावर दिसतो. एक ग्रॅम गंधकाचे १०० मायक्रॉनचे गोल कण केले तर ते सुमारे नऊ लाख होतात. ३ मायक्रॉनचे केले तर तीन हजार चारशे कोटी! गंधक तेवढेच, पण पहिल्या वेळी पानावर इथे एक कण, तिथे एक कण; दुसऱ्या वेळी सगळे पान पातळ थराने माखलेले. बुरशीचा बीजाणू स्वतःच काही मायक्रॉनचा असतो. विरळ पडलेल्या मोठ्या कणांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो सुखाने रुजू शकेल.

तेव्हा उत्तर सोपे दिसते. गंधक खूप बारीक दळावे, दोन ते पाच मायक्रॉनपर्यंत, आणि पाण्यात टाकावे.

गंधक बुडत का नाही?

इथे पहिली गंमत होते. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत गंधकाची भुकटी असेल. शिक्षकांच्या परवानगीने चिमूटभर भुकटी चंचुपात्रातल्या पाण्यावर अलगद भुरभुरवा. पाण्याच्या दुप्पट जड असलेले हे गंधक बुडायला हवे. पण ते वर तरंगत राहते! हलवले तरी बुडायला तयार नसते. कारण गंधकाला पाण्याचे वावडे आहे. पाणी त्याच्यावर पसरत नाही, आणि पाण्याचा पृष्ठताण एखाद्या ताणलेल्या पडद्यासारखा त्या हलक्या कणांना वर तोलून धरतो.

आता त्याच पाण्यात साबणाच्या द्रावणाचा एक थेंब सोडा. क्षणार्धात पिवळी भुकटी खाली उतरू लागेल. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी केला, पाणी गंधकावर पसरले, कण भिजले आणि बुडाले. याच गुणाचा उपयोग डॉक्टरांनी एके काळी निदानासाठी केला होता. कावीळ झालेल्या रोग्याच्या लघवीत पित्तक्षार उतरतात आणि तेही साबणासारखेच पृष्ठताण कमी करतात. लघवीवर गंधक भुरभुरायचे; बुडाले तर पित्तक्षार आहेत असे समजायचे. ही परीक्षा 'हे' या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते.

म्हणून फवारणीच्या भुकटीत एक भिजवणारे द्रव्य घालावे लागते. ते थोडेच लागते, शंभर भागांत दोन-तीन. पण त्याने निम्मेच काम होते. कण भिजला, बुडाला, पुढे काय? दोन बारीक कण पाण्यात एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांच्यात एक क्षीण आकर्षण काम करू लागते. व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचे नाव त्याला दिलेले आहे. दोन कण चिकटतात, मग चार, मग शंभर. एवढ्या कष्टाने ३ मायक्रॉनपर्यंत दळलेले गंधक पाण्यात पुन्हा ५० मायक्रॉनचे पुंजके करून बसते आणि स्टोक्सच्या नियमाप्रमाणे भराभर तळाला जाते.

हे टाळायला दुसरे द्रव्य लागते. त्याला आपण विखुरणारे द्रव्य म्हणू. यातले फार वापरले जाणारे द्रव्य म्हणजे लिग्नोसल्फोनेट. नाव अवघड असले तरी त्याची जन्मकथा सोपी आहे. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकत्र जखडणारे लिग्निन असते. सल्फाइट पद्धतीने कागदाचा लगदा करताना तंतू वेगळे काढतात आणि लिग्निन पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बाहेर पडते. ते तपकिरी, चिकट पाणी म्हणजे कागद गिरणीची टाकाऊ वस्तू. त्याच्यापासून लिग्नोसल्फोनेट मिळते. त्याचा रेणू मोठा, अस्ताव्यस्त असतो. त्याचा काही भाग पाण्यापासून दूर पळणारा असतो, तो गंधकाच्या कणाला अनेक ठिकाणी पकडून बसतो. उरलेल्या भागावरचे सल्फोनेट गट ऋण विद्युत्‌भार घेऊन पाण्याकडे तोंड करतात. अशा रीतीने प्रत्येक कणाभोवती ऋणभाराचे कुंपण तयार होते. समान भार एकमेकांना दूर लोटतात हे तुम्ही शिकला आहातच. कण जवळ येतात, पण चिकटण्याइतके जवळ येऊ शकत नाहीत.

पाऊण तास तरंगणारी धूळ

दळलेले गंधक, भिजवणारे द्रव्य, विखुरणारे द्रव्य आणि थोडी चिनी माती एकत्र केली की तयार होते ती 'पाण्यात मिसळणारी भुकटी'. बरीच वर्षे फवारणीचे काम अशा भुकट्यांनीच चालवले. १९५३ साली भारतात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा घरोघरी भिंतींवर जे डीडीटी फवारले जाई, ते अशाच भुकटीच्या रूपात पाण्यात कालवलेले असे. तेलात विरघळवलेले औषध मातीच्या भिंतीने शोषून घेतले असते. भुकटीचे कण मात्र भिंतीच्या पृष्ठभागावर राहत आणि तिथे टेकणाऱ्या डासाच्या पायांना लागत. आजीआजोबांना विचारा, भिंतींवरचे ते पांढरे डाग त्यांना आठवत असतील.

मग भुकटीत वाईट काय? वाईट हे, की पोते उघडणारा माणूस श्वास घेत असतो.

पुन्हा एक हिशेब करू. गंधकाचा ३ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत किती वेगाने खाली येतो? सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे पिशवी ओतताना तोंडाच्या उंचीवर, जमिनीपासून दीड मीटरवर उडालेला कण जमिनीवर यायला पाऊण तास लागेल. तेही वारा अजिबात नसेल तर. तोवर तो हवेतच असतो. आपले नाक मोठी धूळ अडवते. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाक चुकवून श्वासनलिकेत शिरू शकतात, आणि त्यातही चार-पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. पानाला हवेत दोन ते पाच मायक्रॉनचे कण. फुप्फुसाला सर्वांत धोक्याचे तेही साधारण त्याच मापाचे. औषध जितके चांगले दळावे तितके ते ओतणाऱ्याला वाईट! गंधक त्या मानाने सौम्य आहे. ते डोळे चुरचुरवते, खोकला आणते. पण हाच नियम तीव्र विषारी औषधांनाही लागू आहे. हे कण पाण्यात हवेत, पण हवेत नकोत. भुकटीला ही अट पाळता येत नाही.

कारखान्यातल्या कामगाराला आणखी एक भय असते. हवेत पसरलेली गंधकाची बारीक धूळ पेट घेते. घर्षणाने निर्माण झालेल्या स्थिर विद्युतेची ठिणगीसुद्धा स्फोटाला पुरते. म्हणून गंधक कोरडे दळण्याऐवजी पुष्कळदा पाण्यात दळतात. पाणी, लिग्नोसल्फोनेट आणि गंधक यांचा काला लहान लहान कठीण मण्यांनी भरलेल्या भांड्यातून जोरात घुसळून काढतात. मण्यांच्या मध्ये सापडून गंधक चिरडले जाते आणि धूळ उडायला जागाच राहत नाही.

हलवा, शेव आणि दुधाची भुकटी

दाण्याची कल्पना इथे पुढे येते. कण बारीकच ठेवायचे, पण पुड्यात असताना त्यांना एकत्र बांधून ठेवायचे. १ मिलिमीटरच्या एका दाण्यात ३ मायक्रॉनचे सुमारे दोन कोटी कण मावतात. हे दोन कोटी कण मालमोटारीत हिसके खाताना, गोदामात थप्पीखाली दबताना एकत्र राहिले पाहिजेत, आणि पाण्यात पडल्यावर मिनिटाभरात सुटे झाले पाहिजेत. बांधणी घट्ट हवी आणि तकलादूही हवी. हे कसे साधावे?

बांधायला नेहमीचा डिंक किंवा खळ वापरली तर दाणा पक्का होईल, पण पाण्यात तो तासन् तास तसाच राहील. काहीच वापरले नाही तर पुडा उघडताना पुन्हा धूळ. यावरचा उपाय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणा वाटतो. बांधण्यासाठी वेगळे काही आणायचेच नाही! लिग्नोसल्फोनेट पाण्यात सहज विरघळते आणि वाळले की चिकटून कडक होते. ओल्या काल्यातले पाणी वाळत जाते तसतसे ते दोन कणांच्या स्पर्शबिंदूपाशी गोळा होते, कारण उरलेले पाणी केशाकर्षणाने तिथेच टिकून असते. पाणी संपले की त्या जागी लिग्नोसल्फोनेटचा एक चिमुकला पूल उरतो. अशा लक्षावधी पुलांनी दाणा उभा राहतो. पाण्यात पडला की पूल विरघळतात, आणि विरघळलेला पूल त्याच कणांभोवती कुंपण होऊन त्यांना पुन्हा चिकटू देत नाही. ज्याने बांधले तोच सोडवतो.

दाणे वळण्याच्या पद्धती तुम्ही घरी पाहिलेल्याच आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. संक्रांतीला काटेरी हलवा करताना खसखशीचे किंवा साबुदाण्याचे दाणे परातीत मंद आचेवर हलवत राहतात आणि साखरेचा पाक थेंबथेंब घालत जातात. थरावर थर चढून दाणा मोठा होतो. कारखान्यात परातीच्या जागी तिरकी, फिरणारी मोठी थाळी असते आणि पाकाच्या जागी पाण्याचा फवारा. दुसरी पद्धत सोऱ्याची. भुकटी थोड्या पाण्यात कणकेसारखी मळून बारीक भोकांच्या चकतीतून दाबून काढतात. शेवेसारख्या काड्या पडतात, त्या वाळवतात आणि तोडतात. असे दाणे दिसायला सुबक असतात आणि त्यांची धूळही कमी होते. पण सोऱ्या जोराने दाबला तर कण इतके घट्ट बसतात की पाण्याला आत शिरायला वाटच उरत नाही.

तिसरी पद्धत दुधाच्या भुकटीची. ओला दळलेला काला उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून गरम हवेत फवारतात. थेंब खाली येईपर्यंत त्याचे पाणी उडते आणि गोल, आतून सच्छिद्र असा दाणा हाती येतो. ओल्या दळलेल्या गंधकाला ही पद्धत सोयीची. गंधक सुमारे ११५ अंश सेल्सिअसला वितळते; मग गरम हवेत ते वितळून का जात नाही? माठातले पाणी उन्हाळ्यातही गार का राहते, ते आठवा. थेंबातले पाणी उडत असते तोवर बाष्पीभवनाने तो थंडच राहतो. मात्र वाळवणे कुठे थांबवायचे हे ठरवताना कसब लागते. कमी वाळलेले दाणे पुड्यात एकमेकांना चिकटतात. अति तापवलेले दाणे पाण्यात पडल्यावर हटून बसतात.

पाण्यात पडल्यावर

आता तो पेला पुन्हा डोळ्यांसमोर आणा. दाणा पाण्यावर पडतो. पिठासारखा तो हलका नाही, म्हणून पृष्ठताणाचा पडदा फोडून सरळ खाली जातो. भुकटीची तरंगण्याची अडचण इथे वजनानेच सुटते. भिजवणारे द्रव्य आता दाण्याच्या आतल्या फटींतून पाण्याला वाट करून देते. केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते, हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. पूल विरघळू लागतात. काही दाण्यांत फुगणारी माती किंवा झटकन विरघळणारे क्षार मुद्दाम घातलेले असतात. ते आतून दाणा उकलतात. पृष्ठभागावरचे कण आधी सुटतात, मग त्यांच्या आतले. दाणा खाली जात असताना मागे ढगाची शेपटी दिसते ती यामुळे.

पिठाची गुठळी आणि हा दाणा यांत फरक कुठे पडला ते पाहा. गुठळीचे बाहेरचे कण भिजून एकमेकांना चिकटले आणि त्यांनी दार बंद केले. दाण्याचे बाहेरचे कण भिजून एकमेकांपासून दूर गेले आणि त्यांनी दार उघडे ठेवले.

पण पाणी कसले, यावर बरेच अवलंबून आहे. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबणाला अशा पाण्यात फेस येत नाही, उलट पांढरा साका बनतो. लिग्नोसल्फोनेटचा साका बनत नाही, म्हणूनच साबण सोडून ते वापरतात. तरीही कॅल्शियमचे दुहेरी धनभार असलेले आयन कणांभोवतीच्या ऋणभाराच्या कुंपणाला खिंडार पाडतात. कुंपण फार दुबळे झाले तर कणांचे पुंजके होतात. सुफेन पाण्यात छान विखुरणारे औषध एखाद्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात दह्यासारखे फुटते ते याच कारणाने.

म्हणून या दाण्यांची परीक्षा शुद्ध पाण्यात घेत नाहीत. कीडनाशकांच्या तपासणीच्या पद्धती ठरवणारी सिपॅक ही आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिने परीक्षेसाठी मुद्दाम दुष्फेन पाणी कसे बनवायचे हे ठरवून दिले आहे. त्याचा दुष्फेनपणा दशलक्ष भागांत ३४२ भाग कॅल्शियम कार्बोनेटइतका असतो. दाणे त्या पाण्यात कालवून मिश्रण २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात भरायचे, ते तीस वेळा उलटेसुलटे करायचे आणि अर्धा तास स्तब्ध ठेवायचे. मग वरचे नऊ-दशांश पाणी हलक्या हाताने काढून घ्यायचे आणि तळाच्या २५ मिलिलिटरमध्ये औषध किती साचले ते मोजायचे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मार्गदर्शनानुसार किमान ६० टक्के औषध तरंगत राहिले पाहिजे. शिवाय ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुतले असता २ टक्क्यांपेक्षा अधिक अवशेष उरू नये. दाणे ५४ अंश सेल्सिअसला चौदा दिवस ठेवून या परीक्षा पुन्हा घेतात. विदर्भातल्या पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढल्यावर काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दाण्यांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. दाण्यांमुळे औषध मोजताना आणि ओतताना उडणारी धूळ टळते. त्याच्या पुढचे काही टळत नाही. पाण्यात कालवल्यावर विष ते विषच, आणि फवाऱ्याचे तुषार अंगावर येतातच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तिथे प्रश्न पुड्यातल्या धुळीचा नव्हता. अंगावर येणाऱ्या फवाऱ्याचा होता. तेव्हा दाणे असले तरी हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे आणि ढवळायला लांब काठी हवीच. पुड्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. घरी पुडा असेल तर हात न लावता तो त्रिकोण शोधा आणि घरच्यांना त्याचा अर्थ सांगा.

आणखी एक घोटाळा टाळायला हवा. दाणे म्हटले की सगळे एकच, असे नाही. काही कीडनाशकांचे दाणे जमिनीत टाकण्यासाठीच केलेले असतात. त्यात पुष्कळदा वाळूच्या कणांवर औषध चढवलेले असते. ते ओलाव्याने हळूहळू सुटावे अशीच त्यांची रचना असते. ते पाण्यात कालवून फवारायचे नसतात. पुड्यावर 'पाण्यात विखुरणारे दाणे' असे लिहिलेले असेल तरच ते फवारणीचे.

तुम्हीच करून पाहा

हा प्रयोग कोणत्याही औषधाला हात न लावता करता येतो. साहित्य घरातलेच: फळ्यावरच्या खडूची वस्त्रगाळ भुकटी, साखर, भाताची पेज, आणि शेवेचा सोऱ्या. (सोऱ्या नंतर स्वच्छ घासून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तो मागायला तोंड उरणार नाही.) भुकटीचे तीन सारखे भाग करा. पहिला नुसत्या पाण्यात मळा, दुसरा साखरेच्या दाट पाकात, तिसरा आटवलेल्या पेजेत. प्रत्येकाची शेव पाडून ती सावलीत दोन दिवस वाळवा आणि तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा.

आधी प्रत्येक प्रकारचे दहा तुकडे एकेका डबीत घालून डबी शंभर वेळा हलवा. नुसत्या पाण्याच्या शेवेची भुकटी झालेली दिसेल. मालमोटारीचा प्रवास तिला झेपणारा नाही. मग उरलेल्या तुकड्यांतला एकेक तुकडा काचेच्या वेगवेगळ्या पेल्यात सोडा. साखरेचे पूल विरघळतात. पेजेचे पूल सहजासहजी सुटत नाहीत. किती वेळात कोणता तुकडा ढासळतो ते घड्याळावर टिपून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या भागातल्या पाकात धुण्याच्या साबणाच्या भुकटीची चिमूट घाला, आणि नळाच्या पाण्यासोबत विहिरीचे पाणीही आणा. चारही पेले एका ओळीत ठेवा, मागे काळा कागद लावा, तुकडे एकदम सोडा आणि ढवळू नका.